नकाशावर रेघ मारण्याआधी बर्फ मोजा

अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांमध्ये हिवाळ्यात स्नोमोबाईल कुठे चालवायची, याचा नियम २०१५ मध्ये उलटा झाला. त्याआधी बहुतेक वनांत जे बंद केलेलं नाही ते खुलं असे. आता जे नकाशावर खुलं म्हणून दाखवलेलं नाही ते बंद. वरवर हा कारकुनी बदल वाटतो. पण एकेका वनाचा हिवाळी आराखडा बाहेर पडतो तसे हजारो एकरांचे तुकडे नकाशातून गळत जातात, आणि त्यांतल्या कित्येक तुकड्यांवर या यंत्राने नेमकं काय बिघडवलं, हे कोणी धडपणे सांगितलेलं नसतं. आमचा विरोध आहे तो या पद्धतीला.

आपल्याकडच्या पर्यटकाला स्नोमोबाईल ठाऊक असते ती गुलमर्ग किंवा सोलांगच्या छोट्या चकरेपुरती. मोंटाना, आयडाहो, वायोमिंगच्या डोंगराळ भागात ती गावच्या व्यवहाराचा भाग आहे. मोंटानातल्या कुक सिटीच्या पूर्वेला महामार्गाच्या सुमारे आठ मैलांच्या पट्ट्यातला बर्फ हिवाळ्यात हटवलाच जात नाही. तिथले लोक त्या पट्ट्याला 'प्लग' म्हणतात, आणि पलीकडे जायचं तर स्नोमोबाईलवरच. वेस्ट यलोस्टोन, आयलंड पार्क या गावांतली हिवाळ्यातली हॉटेलं, पेट्रोल पंप, दुरुस्तीची दुकानं याच यंत्रावर चालतात.

'राष्ट्रीय वन' आणि 'राष्ट्रीय उद्यान' यांत तिथे मोठा फरक आहे. उद्यानाचा पहिला हेतू जतन. वनं शेती खात्याखालच्या फॉरेस्ट सर्व्हिसकडे आहेत आणि ती अनेक उपयोगांसाठी राखलेली आहेत: लाकूड, चराई, पाणी, शिकार, भटकंती. एकूण क्षेत्र सुमारे १९ कोटी ३० लाख एकर. त्यातलं साडेतीन कोटी एकरांहून जास्त क्षेत्र १९६४ च्या वाइल्डरनेस (म्हणजे माणसाचा हात न लागू देता राखायचं रान) कायद्याखाली आहे, आणि तिथे कुठल्याही मोटारीला मज्जाव आहे. त्याबद्दल आमची तक्रार नाही. तो निर्णय काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, मतदान करून घेतला आहे. वाद आहे तो उरलेल्या जमिनीचा.

या वादाचं कायदेशीर मूळ जुनं आहे. ८ फेब्रुवारी १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ११६४४ क्रमांकाचा आदेश काढला. सार्वजनिक जमिनीवर रस्त्याबाहेर चालणाऱ्या वाहनांच्या वाटा आणि क्षेत्रं ठरवताना माती, पाणलोट आणि वनस्पती यांचं नुकसान, वन्यप्राण्यांचा छळ आणि इतर वापरकर्त्यांशी होणारा संघर्ष कमीत कमी राहील अशी आखणी करा, असं त्यात सांगितलं होतं. १९७७ मध्ये कार्टर यांनी तो आणखी कडक केला. २००५ साली फॉरेस्ट सर्व्हिसने उन्हाळी वाहनांसाठी वाटा नेमून देणं प्रत्येक वनाला सक्तीचं केलं, पण बर्फावरच्या वाहनांबाबत 'हवं तर करा' अशी सूट प्रत्येक वनाला ठेवली. ही सूट मूळ आदेशाशी विसंगत आहे, असं आयडाहोच्या फेडरल न्यायालयाने मार्च २०१३ मध्ये ठरवलं. त्यातून जानेवारी २०१५ चा नियम आला. कॅलिफोर्नियातल्या एल्डोराडो, लासन, प्लूमस, स्टॅनिस्लॉस आणि टाहो या पाच वनांना तर वेगळ्या दाव्यातल्या तडजोडीमुळे हे काम आधीच हाती घ्यावं लागलं होतं.

इथवर सगळं रीतसर आहे. आदेश वाईट नाही. उलट त्यात अपेक्षित असलेला विचार बारकाईचा आहे. कुठली वाट, कुठला उतार, कुठला प्राणी, कुठला महिना, असं विचारणारा. गडबड होते ती पुराव्याच्या ओझ्यात. एखादं क्षेत्र खुलं करायचं तर अधिकाऱ्याला प्रत्येक तुकड्यासाठी हे निकष कसे लावले ते कागदावर दाखवावं लागतं, नाहीतर दावा होतो आणि त्यात अधिकारी बहुधा हरतो. तोच तुकडा बंद करायचा तर इतकं काही लागत नाही. सर्वसाधारण, पटेल असं कारण पुरतं. वनात जीवशास्त्रज्ञ एक-दोन, मुदत तोंडावर आणि वकील दारात. अशा वेळी 'संशय आहे ना, मग बंदच दाखवा' हा मार्ग माणूस घेणारच. यात कोणाचा कट नाही. पण असा नकाशा बर्फाबद्दल फारसं सांगत नाही. कुठला भाग कागदोपत्री बचावाला सोपा, एवढंच त्यावरून कळतं.

आता यंत्राकडे वळू. डोंगरातली स्नोमोबाईल इंधनासह साधारण सव्वादोनशे ते अडीचशे किलोची, स्वार धरून सव्वातीनशेच्या आसपास. हे वजन पुढच्या दोन स्कींवर आणि मागच्या रबरी पट्ट्यावर विभागलं जातं. पट्टा १५-१६ इंच रुंद, आणि १५५ इंची पट्ट्याचा सुमारे दीड मीटर भाग एका वेळी बर्फाला टेकलेला. हिशेब केला तर एका चौरस सेंटिमीटरवर ५०-६० ग्रॅम भार येतो. बूट घालून चालणाऱ्या माणसाचा, एक पाय उचललेला असताना, येतो साधारण ३०० ते ४०० ग्रॅम. म्हणून स्नोमोबाईल तरते आणि माणूस मांडीपर्यंत रुततो.

यंत्राच्या बाजूचे लोक हा आकडा फेकून वाद जिंकल्याच्या थाटात बसतात. तेही खरं नाही. डोंगरी पट्ट्याला अडीच ते तीन इंचांची रबरी पाती असतात. आखीव वाटांवरच्या पट्ट्याला जेमतेम एक-सव्वा इंचाची. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की ही पाती बर्फ खणत मागे फेकतात. खाली चार फूट बर्फ असेल तर ते बर्फच खणतात. दहा इंच भुसभुशीत असेल तर गवत, झुडपं आणि ओली माती खणतात. बर्फाबाहेर डोकावणारे रोपांचे शेंडे कापले जातात आणि त्या रोपाची वाढ कायमची वाकडी होते. जमीन आणि बर्फ यांच्यामधल्या पोकळीत उंदीर आणि व्होल हिवाळा काढतात. पातळ थर दाबला गेला की ती पोकळी बसते. म्हणजे सगळं नुकसान एका गोष्टीभोवती फिरतं. खाली बर्फ किती आणि कसा?

'किती' याचं उत्तर कॅलिफोर्नियातल्या आराखड्यांत साधारण १२ इंच असं आलं. खाली रस्ता असेल तिथे काही ठिकाणी ६ इंच. योग्य दिशा आहे, पण 'कसा' याचं उत्तर इंचांत मिळत नाही. ताज्या कोरड्या बर्फाचा घनमीटर शंभर किलो किंवा त्याहून कमी भरतो. बसलेल्या बर्फाचा तीनशेच्या आसपास, वसंतातल्या ओलसर बर्फाचा चारशे-पाचशे. १२ इंच ताजा भुगा वितळवला तर तीन सेंटिमीटर पाणी. १२ इंच बसलेला बर्फ वितळवला तर नऊ. पहिला पट्ट्याखाली एका फटक्यात जमिनीपर्यंत उघडा पडतो, दुसरा तसा पडत नाही. त्यामुळे निकष बर्फाच्या उंचीसोबत त्यातल्या पाण्याचाही हवा. आणि हे मोजायला नवीन खर्च नाही. शेती खात्याचीच स्नोटेल नावाची स्वयंचलित केंद्रं पश्चिमेच्या डोंगरांत नऊशेहून जास्त आहेत. द्रव भरलेल्या उशीवर बर्फ तोलून ती पाण्याचं प्रमाण आणि बर्फाची उंची कळवत राहतात. जवळच्या दोन केंद्रांचा आकडा ठरावीक पातळीवर आला की क्षेत्र उघडायचं, खाली गेला की मिटायचं. केंद्र उंचावर आणि वाहनतळ खाली असेल तर वाहनतळाशी एक खुणेची काठी पुरते. '१ डिसेंबर ते ३० एप्रिल' अशी कॅलेंडरची मुदत यापुढे अगदी आंधळी ठरते. काही वर्षी डिसेंबरात जमीन उघडी असते, काही वर्षी मेमध्ये आठ फूट बर्फ असतो.

पातळ बर्फावर यंत्रही चालत नाही, ही गोष्ट बंदीच्या चर्चेत फारशी येत नाही. बहुतेक स्नोमोबाईलना मोटारीसारखा पुढचा रेडिएटर नसतो. पट्ट्यावरच्या बोगद्यासारख्या भागात ॲल्युमिनियमचे पोकळ पट्टे असतात, त्यांतून कूलंट फिरतं आणि मागून उडणारा बर्फ त्यांना थंड ठेवतो. बर्फ उडाला नाही की तापमानाचा दिवा लागतो. पट्टा ज्या प्लास्टिकच्या सळ्यांवरून घसरतो त्यांनाही वंगण बर्फाचंच. ते नसलं की त्या काही मैलांत वितळून झिजतात. कडक वाटेवर लोक स्क्रॅचर लावतात, म्हणजे बर्फ खरवडून वर उडवणाऱ्या तारा. उघड्या जमिनीवर हजारो डॉलरचं इंजिन जाळायला कोणी मुद्दाम जात नाही. जे जातात ते बहुधा वाहनतळापासून खऱ्या बर्फापर्यंतचा अर्धा-एक मैल ओलांडत असतात, आणि सगळ्यात जास्त उकरलेली जमीनही तिथेच दिसते. त्यावर इलाज म्हणजे वाहनतळ वर न्या, किंवा तेवढा तुकडा रस्त्यावरूनच ओलांडायला लावा. त्यासाठी वरची दहा हजार एकरांची खोरी बंद करून काय साधतं?

प्राण्यांचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे आणि तिथे सरसकट बोलणारे दोन्ही बाजूंना आहेत. एल्क आणि म्यूल हरणं हिवाळ्यात खालच्या, कमी बर्फाच्या दक्षिणमुखी उतारांवर उतरतात. खायला थोडं, चरबी रोज घटती. अशा वेळी एकदा पळवलं तर त्याची किंमत वसंतात मोजावी लागते. हे हिवाळी चराऊ पट्टे यंत्रांना बंद हवेतच. आमच्या मते स्कीवाल्यांना आणि कुत्रे घेऊन फिरणाऱ्यांनाही बंद हवेत. सुदैवाने चांगल्या स्नोमोबाईलला लागणारा खोल बर्फ आणि एल्कला लागणारा पातळ बर्फ एका ठिकाणी सहसा नसतो. वाद उरतो तो मधल्या वाटेचा, आणि ती एका आखीव मार्गाने न थांबता ओलांडायला लावली की बहुतेक मिटतो.

लिंक्स या रानमांजराची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. रुंद पंजांमुळे लिंक्स खोल बर्फात चालतो, कोयोट (लांडग्याचा लहान भाऊबंद) रुततो. यंत्राने दाबलेली वाट मिळाली तर कोयोट वर येईल आणि लिंक्सचा ससा पळवेल, असा तर्क. ऐकताच पटणारा. मोंटानातल्या सीली लेक परिसरात कोयोटांचा माग काढला तेव्हा दाबलेल्या वाटांचा त्यांच्या फिरण्यावर फारसा परिणाम दिसला नाही. वायोमिंगमध्ये मात्र कोयोटांनी अशा वाटा वापरलेल्या आढळल्या. म्हणजे उत्तर त्या डोंगरातल्या बर्फावर अवलंबून आहे. बर्फ मुळातच कडक असेल तर कोयोटला वाटेची गरज नाही. अशा परिस्थितीत 'लिंक्सचा अधिवास' एवढे दोन शब्द लिहून पूर्ण पाणलोट बंद करणं हे विज्ञानाचा आधार घेणं नव्हे.

व्हॉल्व्हरिन या लहान अस्वलासारख्या दिसणाऱ्या मांसाहारी प्राण्याबाबत पुरावा बराच चांगला आहे. आयडाहो, मोंटाना आणि वायोमिंगमध्ये काही हिवाळे चाललेल्या अभ्यासात या प्राण्यांना जीपीएस पट्टे लावले आणि स्नोमोबाईल व स्कीवाल्यांनी स्वतःहून जीपीएस नोंदक खिशात बाळगले. निष्कर्ष स्नोमोबाईलवाल्यांना आवडणारा नव्हता. व्हॉल्व्हरिन, विशेषतः माद्या, माणसांची वर्दळ असलेल्या जागा टाळतात. पण त्या स्कीवाल्यांनाही टाळतात. आणि आखीव वाटेवरच्या वाहतुकीपेक्षा रानभर पसरलेल्या फिरण्याने जास्त बिचकतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये या प्राण्याला संकटग्रस्तांच्या संघीय यादीत घेतलं गेलं, तेव्हा हा प्रश्न आता टळणार नाही. फेब्रुवारीपासून मेच्या मध्यापर्यंत मादी पिलांसह खोल बर्फातल्या बिळात असते. बीळ किंवा बीळ असण्याजोगी ठरावीक कडेकपार त्या काळापुरती सर्वांना बंद, हा उपाय या पुराव्यातून निघतो. वर्षभरासाठी, यंत्रांपुरती, अख्ख्या रांगेवर बंदी त्यातून निघत नाही. बंदीचा फलक लावून त्याच कड्यावर पन्नास स्कीवाले पाठवले तर मादीने त्यांच्यासाठी वेगळा नियम का करावा?

चुकीच्या औषधाचं सर्वांत वाईट उदाहरण सेलकर्क डोंगरातल्या कॅरिबूंचं, म्हणजे रानटी रेनडिअरचं. आयडाहो, वॉशिंग्टन आणि ब्रिटिश कोलंबियाच्या सीमेवरचा हा अमेरिकेत येणारा शेवटचा कळप. न्यायालयाच्या आदेशांनी २००५ नंतर तिथल्या वनात स्नोमोबाईलवर मोठी बंदी आली. कॅरिबू संवेदनशील आहेत, कळप लहान होता, तेव्हा त्या बंदीला विरोध करणं आम्हाला आजही योग्य वाटत नाही. पण २००९ साली ४६ च्या आसपास असलेला कळप २०१६ मध्ये १२ वर आणि २०१८ मध्ये तीन माद्यांवर आला. जानेवारी २०१९ मध्ये उरलेली मादी पकडून कॅनडातल्या कुंपणात हलवावी लागली. मुख्य कारण वेगळं होतं. जुनं जंगल तोडलं गेलं, त्याजागी आलेल्या कोवळ्या झाडोऱ्यावर मूस आणि हरणं वाढली, त्यांच्यामागे लांडगे आणि कूगर (पहाडी सिंह) आले, आणि जाताजाता त्यांनी कॅरिबू संपवले. झाडांवरची दगडफुलं खाऊन जगणाऱ्या प्राण्याला शंभर-दीडशे वर्षांचं जंगल लागतं. ते आदेशाने एका रात्रीत उगवत नाही. स्नोमोबाईल मात्र एका रात्रीत थांबवता येते. म्हणूनच ती आधी थांबवली जाते आणि काहीतरी केल्याचं समाधान मिळतं.

स्कीवाल्यांची तक्रार वेगळी आहे, आणि तीही खरी. तीन तास चढून गाठलेला कोरा उतार चार यंत्रं दहा मिनिटांत नांगरून टाकतात. टू-स्ट्रोकचा धूर थंड खोऱ्यात तरंगत राहतो. आवाज तर सगळ्यात वाईट. कारखान्यातून निघणारी स्नोमोबाईल पूर्ण ॲक्सिलरेटरवर ५० फुटांवरून ७८ डेसिबलच्या आत असते. मग मालक मूळ सायलेन्सर काढून बाजारातला हलका 'कॅन' लावतो, चार-पाच किलो वाचवतो आणि शेजारच्या खोऱ्यापर्यंत आपली वर्दी देतो. स्नोमोबाईलच्या, म्हणजे आमच्याच, बाजूच्या संघटनांनी या कॅनबद्दल जितकी वर्षं मवाळ भूमिका घेतली तितकी नकाशावरची जागा गमावली, असं आमचं स्पष्ट मत आहे. वाहनतळावर ध्वनिमापक घेऊन उभा राहिलेला एक कर्मचारी आठवडाभरात जे करील ते बंदीच्या शंभर पानांनी होणार नाही.

संघर्ष कमी करायला बंदीच लागते असं नाही, याचा नमुना कोलोराडोत आहे. व्हाइट रिव्हर राष्ट्रीय वनातल्या व्हेल पास हिवाळी क्षेत्रात सुमारे ५५ हजार एकर आहेत. काही भाग फक्त यंत्रांना, काही फक्त पायी आणि स्कीवर येणाऱ्यांना, आणि काही मिश्र, जिथे स्कीवालेच स्नोमोबाईलने वर जाऊन खाली उतरतात. प्रवेशाला शुल्क आहे, त्या पैशातून वाटा राखल्या जातात आणि देखरेख होते. गर्दी प्रचंड, भांडणंही होतात, पण ती तिथेच निस्तरली जातात.

दुसरा नमुना यलोस्टोनचा. ते उद्यान आहे, वन नव्हे, आणि तिथे यंत्रं फक्त रस्त्यावर चालतात, हा फरक लक्षात ठेवूनच उदाहरण घ्यायला हवं. नव्वदच्या दशकात गजबजलेल्या दिवशी हजारावर यंत्रं आत जात. प्रवेशदारावरच्या कर्मचाऱ्यांना धुराचा त्रास होई. क्लिंटन सरकारने २००० मध्ये टप्प्याटप्प्याने बंदी ठरवली, बुश सरकारने ती फिरवली, वॉशिंग्टन डी.सी. आणि वायोमिंगच्या न्यायालयांनी परस्परविरोधी निकाल दिले. दहा-बारा वर्षं दरवर्षी नवा नियम आणि नवा दावा. अखेर २०१३ च्या नियमाने मोजण्याची पद्धतच बदलली. यंत्रं मोजण्याऐवजी त्यांच्या फेऱ्या मोजायच्या. स्नोमोबाईलचा एक गट ही एक फेरी, एक स्नोकोच (बर्फावर चालणारी प्रवासी बस) ही एक फेरी. दिवसाला ११० फेऱ्या, त्यांत स्नोमोबाईलच्या जास्तीत जास्त ५०. गटात दहाच्या वर यंत्रं नाहीत आणि हंगामाची सरासरी सात. यामागचा विचार साधा होता. रस्त्याकडेच्या गव्याला एक यंत्र गेलं काय आणि सात ओळीने गेली काय, विचलित व्हायचं ते एकदाच. त्रास होतो तो एकेक यंत्र दिवसभर येत राहिलं तर. सोबत धुराची आणि ६७ डेसिबलची अट घातली. वाटाडे आधीच सक्तीचे झाले होते, ते तसेच ठेवले. त्याशिवाय प्रत्येक प्रवेशदारातून रोज एका खासगी गटाला सोडतीने परवानगी ठेवली. या सगळ्या वर्षांत कडक होत गेलेल्या अटींमुळे उत्पादकांना फोर-स्ट्रोक यंत्रं आणावी लागली आणि त्यांनी ती आणली. थेट बंदी आली असती तर हे बदल करायला त्यांना कोणी भाग पाडलं असतं?

रेघ कुठे मारायची हेही कौशल्याचं काम आहे. उन्हाळ्यात कार्यालयात बसून आखलेली सीमा कधी समोच्च रेषेवरून जाते, कधी सरळ विभागरेषेवरून. हिवाळ्यात तिथे दहा फूट बर्फ असतो, फलक खाली गाडला गेलेला, आणि समोर मोकळा पांढरा उतार. माणूस आत शिरतो, त्याच्या मागोमाग वीस जण. मग अतिक्रमणाची नोंद होते, आणि पुढच्या आराखड्यात तेच कारण दाखवून आणखी आतली रेघ मारली जाते. डोंगराची धार, मोठा ओढा, रस्ता, दाट झाडीची कड, अशी बर्फातही दिसणारी सीमा घेतली तर निम्मे घुसखोर आपोआप कमी होतील. खांब इतके उंच हवेत की मार्चमध्येही डोकं वर राहील, आणि हंगामात एक-दोनदा वर उचलून पुन्हा रोवायला हवेत. हे काम स्थानिक क्लब करायला तयार असतात; त्यांना विचारावं लागतं, इतकंच. फोनवर उघडणारा, जागा दाखवणारा नकाशा आता बहुतेक वनांत मिळतो, पण उणे वीस अंशांत फोनची बॅटरी दुपारपर्यंत मान टाकते.

हिमस्खलनाचा मुद्दाही याच रेघेशी जोडलेला आहे. घसरणारा बर्फ बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर असतो. नकाशावर तुकडे कापताना सपाट जोडवाट बंद दाखवली गेली तर एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायला उरतो तो तिरका तीव्र उतार. शिवाय क्षेत्र आकसलं की ताजा बर्फ शनिवारी दुपारपर्यंत संपतो आणि रविवारी लोक आणखी चढाच्या जागा शोधतात. स्वारांनी बीकन (बर्फाखाली गाडलेल्याचा ठावठिकाणा कळवणारं यंत्र), फावडं, शोधकाठी बाळगावी आणि उतारावर एका वेळी एकानेच जावं हे खरंच. पण आराखड्यात उताराचा नकाशा एकदा तरी अंथरला होता का, हे विचारायचा हक्क त्यांना आहे.

सर्वांत कमकुवत आधारावरच्या बंद्या म्हणजे 'शिफारस केलेलं वाइल्डरनेस' या नावाखालच्या. वाइल्डरनेस जाहीर करायचा अधिकार फक्त काँग्रेसचा. फॉरेस्ट सर्व्हिस शिफारस करू शकते. पण काही विभागांत, विशेषतः उत्तर रॉकीजमध्ये, शिफारस झाली की यंत्रं हलवायची, असा पायंडा पडला. आयडाहो-मोंटाना सीमेवरचा ग्रेट बर्न, १९१० च्या महाआगीवरून नाव पडलेला, क्लिअरवॉटर वनाच्या आराखड्यात याच वाटेने बंद झाला. युक्तिवाद असा, की यंत्रं राहिली तर काँग्रेस जाहीर करायला कचरेल. म्हणजे कायदा व्हावा म्हणून तो आधीच लागू करायचा. १९७७ च्या मोंटाना कायद्याने नऊ क्षेत्रांचा पाच वर्षांत अभ्यास करायला सांगितलं होतं. बहुतेकांचा निकाल कित्येक दशकं लागला नाही. अशा 'तात्पुरत्या' अवस्थेत एक अख्खी पिढी बाहेर राहते. बर्फ वितळल्यावर तिथे स्नोमोबाईलचा मागमूस राहत नाही, तेव्हा वाइल्डरनेस होण्याची पात्रता यंत्राने कशी घटते, याचं भौतिक उत्तर आम्हाला अजून मिळालेलं नाही. निर्जनतेचा अनुभव बिघडतो, हे उत्तर मिळतं. ते खरं आहे, पण मग त्या भागात हिवाळ्यात किती माणसं निर्जनता शोधत येतात, याची मोजणी तरी जोडायला हवी.

पैशाबद्दल थोडक्यात. आखीव वाटा सपाट ठेवणारा ग्रूमर रात्री फिरतो, कारण दिवसभर यंत्रांच्या वेगाने उमटलेले उंचवटे मुळापासून कापून, बर्फ घुसळून, दाबून ठेवल्यावर त्याचे कण एकमेकांना चिकटायला काही तासांची थंडी लागते. लगेच वाहतूक गेली तर सकाळपर्यंत वाट पुन्हा खड्ड्यांची. ताशी आठ-दहा किलोमीटर वेगाने चालणाऱ्या या अवजड यंत्राचं डिझेल, चालक आणि दुरुस्ती यांचा खर्च बहुतेक राज्यांत स्नोमोबाईलच्या नोंदणी शुल्कातून आणि पेट्रोल करातून निघतो. त्याच वाटांवर स्कीवाले आणि कुत्र्यांच्या घसरगाड्या फुकट चालतात, हटवलेल्या बर्फाच्या त्याच वाहनतळावर गाड्या लावतात. क्षेत्र बंद झालं की नोंदणी घटते, ग्रूमर थांबतो, आणि वाट सर्वांचीच जाते.

ज्यांना हरकत घ्यायची आहे त्यांनी हे सगळं भाषणात न मांडता कागदावर मांडायला हवं, आणि वेळेत. आराखड्याच्या मसुद्यावर लेखी म्हणणं दिलं नसेल तर पुढच्या टप्प्यात औपचारिक हरकत घेण्याचा अधिकार सहसा जातो, आणि हरकतीतही मुख्यतः आधी मांडलेलेच मुद्दे चालतात. 'आमचे आजोबाही इथे फिरायचे' या पत्राला एका ओळीत उत्तर मिळतं. उपयोगी पत्रात तुकड्याचं मसुद्यातलं नाव किंवा क्रमांक असतो, पाच-सहा हिवाळ्यांच्या जीपीएस नोंदी असतात, तारखेसह बर्फाच्या खोलीचे फोटो असतात, जवळच्या स्नोटेल केंद्राचा तक्ता असतो, आणि बंदीऐवजी नेमका पर्याय असतो: या ओढ्यापासून त्या धारेपर्यंत, इतक्या पाण्याच्या पातळीनंतर, अमुक तारखेनंतर बिळाच्या कड्यापासून दूर. असा पर्याय नोंदीत आला की अधिकाऱ्याला तो का नाकारला हे लिहावं लागतं. आणि तसं लिहायला बसल्यावर कधीकधी तो नाकारण्याजोगा नाही, हे त्याच्याच लक्षात येतं.